पाय वळतायत? टॉनिकच्या आधी मिनरलची पिशवी वाचा

वाचकाचं पत्र : शिरूर तालुक्यात माझी ३,००० ब्रॉयलरची शेड आहे. कंपनीचा करार सोडून आता पिल्लं स्वतः आणतो आणि खाद्यही स्वतः बनवतो. मिक्सर उभा, ५०० किलोचा. मका, सोया डीओसी (तेल काढलेली पेंड), तेल, डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट), चुनखडी, मीठ, मेथिओनिन आणि लायसिन ही अमिनो आम्लं आणि टनाला अर्धा किलो व्हिटॅमिन प्रीमिक्स (तयार मिश्रण) घालतो. मिनरलसाठी गाईंना देतो तेच मिनरल मिक्श्चर टनाला २ किलो घालतो, त्याच्या पिशवीवरचा तक्ता सोबत जोडलाय. गेल्या दोन बॅचमध्ये तिसऱ्या आठवड्यापासून शेकडा चार-पाच पक्षी लंगडायला लागतात. सांधा सुजतो, पाय बाहेर वळतो, पण पक्षी तरतरीत असतो. गादी (जमिनीवरचा भुशाचा थर) कायम ओली. पाणी बोअरचं, त्यात रोज इलेक्ट्रोलाइट असतं. ३८ दिवसांत सरासरी वजन २ किलो, खाद्य ३.७ किलो, खाद्याचा खर्च किलोला ३८ रुपये. पुण्यातल्या एका विक्रेत्याने हर्बल संच सुचवलाय : लिव्हर टॉनिक, हर्बल कोलीन, हर्बल मेथिओनिन आणि चिलेटेड मिनरल. पक्ष्यामागे साडेतीन रुपये पडतात. एफसीआर (किलोभर वजनाला लागणारं खाद्य) ०.१ ने खाली येईल आणि कॉक्सीचं (आतड्याच्या कॉक्सिडिओसिस रोगाचं) औषधही बंद करता येईल, असं तो सांगतो. घ्यावा का? घरच्या हळदीचा, शेवग्याचा उपयोग होईल का? आणि ‘हर्बल चिकन’ म्हणून पुण्यात जास्त भावाने विकता येईल का?

उत्तर : नमस्कार. संच आत्ता घेऊ नका. तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा कागद म्हणजे पिशवीवरचा तो तक्ता. त्यात मँगनीज ०.१२ टक्के आणि झिंक ०.८० टक्के लिहिलंय. टनाला २ किलो घातल्यावर टनभर खाद्यात मँगनीज गेलं २.४ ग्रॅम आणि झिंक १६ ग्रॅम. ब्रॉयलरच्या खाद्यात वरून घालायचं प्रमाण टनाला मँगनीज १०० ते १२० ग्रॅम आणि झिंक ८० ते ११० ग्रॅम असतं. मका-सोयातून थोडं येतं, पण त्यातलं बरंचसं फायटेटमध्ये (दाण्यातल्या, खनिजं बांधून ठेवणाऱ्या घटकात) अडकलेलं असतं आणि कोंबडीचं आतडं मँगनीज मुळातच कमी शोषतं. वर गाईच्या मिक्श्चरमधलं आणि तुमच्या डीसीपी-चुनखडीतलं कॅल्शियम-फॉस्फरस गरजेपेक्षा जास्त झालं, की तेही मँगनीजचं शोषण आणखी कमी करतं.

डोस वाढवून हे सुटणार नाही. या पिशवीतून १०० ग्रॅम मँगनीज मिळवायचं तर टनाला ८३ किलो मिक्श्चर घालावं लागेल. त्या मिक्श्चरमध्ये खोट नाही, ते दुभत्या जनावराच्या हिशेबाने बनवलंय, इतकंच.

आता पायाकडे बघू. वाढत्या हाडाच्या टोकाला जी कूर्चा असते, ती नीट बनायला मँगनीज लागतं. ते कमी पडलं की नळीचं हाड आखूड आणि जाड राहतं, मधला सांधा फुगतो आणि त्यामागून जाणारी जाड कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) आपल्या खाचेतून बाजूला घसरते. मग पाय बाहेर वळतो. कोलीन आणि बायोटिन कमी पडलं तरी अगदी हेच होतं. तुमच्या यादीत कोलीन क्लोराइड कुठेच दिसत नाही, म्हणजे इथे दोन कारणं एकत्र आली असण्याची शक्यता मोठी आहे.

हे हाताने तपासता येतं. लंगडा पक्षी काखेत धरा आणि सुजलेल्या सांध्याच्या मागच्या बाजूला अंगठा फिरवा. चांगल्या पायात बरोबर मधोमध दोरीसारखी ताठ कंडरा लागते. घसरलेल्या पायात मधली जागा सपाट लागते आणि कंडरा सांध्याच्या कडेला सापडते. तशी सापडली तर आमचा अंदाज बरोबर. तिथे काही वेगळं दिसलं तर रोगही वेगळा. बोटं आतल्या बाजूला मुडपून पक्षी घोट्यावर बसत असेल तर रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ कमी आहे. चोच मऊ आणि मेलेल्या पक्ष्याचं पायाचं हाड कट्‌कन न मोडता वाकत असेल तर मुडदूस, म्हणजे डी-३, कॅल्शियम किंवा फॉस्फरसची गडबड. मांडीच्या हाडाचं डोकं कुजलेलं निघालं तर तो जिवाणूंचा संसर्ग, तिथे कुठलंच सप्लिमेंट चालत नाही. म्हणून पुढची बॅच टाकण्याआधी चार लंगडे पक्षी, जिवंत, औंधच्या रोग अन्वेषण विभागात नेऊन शवविच्छेदन करून घ्या. सोबत दोन किलो खाद्य आणि एक किलो मका न्या. मेलेला, फुगलेला पक्षी नेऊन उपयोग नाही.

कंडरा एकदा घसरली की परत बसत नाही, आत्ताच्या लंगड्या पक्ष्यांवर टॉनिकचा खर्च करू नका. त्यांना वेगळ्या कप्प्यात, खाली ठेवलेल्या भांड्यांतून खाद्य-पाणी द्या. जे चालत खाद्यापर्यंत पोचतच नाहीत, त्यांना तडफडत ठेवू नका. बाकीच्यांचं खाद्य मात्र आजच दुरुस्त करा.

कोंबड्यांसाठीचं ट्रेस मिनरल प्रीमिक्स घ्या. पिशवीवर किमतीआधी हे वाचायचं : टनाला सांगितलेल्या मात्रेत मँगनीज १०० ते १२० ग्रॅम, झिंक ८० ते ११० ग्रॅम, तांबं १० ते १६ ग्रॅम, आयोडीन १ ते २ ग्रॅम आणि सेलेनियम ०.२ ते ०.३ ग्रॅम. आकडे नसतील, नुसतं ‘सर्व आवश्यक खनिजे’ असं छापलेलं असेल, तर ती पिशवी दुकानातच राहू द्या. सेलेनियमच्या बाबतीत ‘थोडं जास्त गेलं तर काय बिघडतं’ हा हिशेब चालत नाही. गरज आणि विषबाधा यांत तिथे फार अंतर नसतं. मिनरल प्रीमिक्समध्ये सेलेनियम असताना पाण्यातून पुन्हा ‘ई-सेलेनियम’ रोज देऊ नका.

चिलेटेड मिनरल वाईट नसतात. अमिनो आम्लाला किंवा प्रथिनाला बांधलेली असल्याने ती फायटेटच्या तावडीतून सुटतात आणि कमी मात्रेत भागतं. पण ज्या खाद्यात साधं मँगनीज सल्फेटही पोचत नाही, तिथे चिलेटच्या टनाला २००-२५० ग्रॅमनी खड्डा भरत नाही. आधी साधं प्रीमिक्स पूर्ण मात्रेत घाला. पुढे हवं तर त्यातला काही भाग चिलेटने बदला.

कोलीन क्लोराइड ६० टक्केवालं, टनाला १ किलो. हा पदार्थ हवेतली ओल ओढून घेतो आणि व्हिटॅमिनच्या सान्निध्यात ठेवला तर त्यांची वाट लावतो. मिनरलची सल्फेटंही तेच करतात. म्हणून व्हिटॅमिन, मिनरल आणि कोलीन या तीन पिशव्या वेगळ्या ठेवायच्या आणि एकत्र करून साठवायच्या नाहीत. ‘वेळ वाचतो’ म्हणून तिन्ही एका ड्रममध्ये कालवून ठेवण्याची पद्धत बऱ्याच फार्मवर आहे. पावसाळ्यात त्या ड्रमातलं ए आणि के व्हिटॅमिन किती उरत असेल ते विचारू नका. तुमची एक बॅच साधारण ११ टन खाद्य खाते, म्हणजे व्हिटॅमिन प्रीमिक्स लागतं साडेपाच किलो. २५ किलोचं पोतं घेतलंत तर ते चार-पाच बॅच उघडं पडून राहील. महाग पडलं तरी छोटं पॅकिंगच घ्या, तारीख बघा आणि पत्र्याच्या शेडऐवजी घरात सावलीत ठेवा.

मिसळणं हा यातला दुर्लक्षित भाग आहे. उभ्या मिक्सरमध्ये २५० ग्रॅम पावडर थेट टाकली तर ती सगळीकडे पोचत नाही. काही पक्ष्यांना दुप्पट जाते, काहींना शून्य, आणि मग एकाच शेडमध्ये एक पक्षी टणटणीत, शेजारचा लंगडा. ५०० किलोच्या घाण्यासाठी २५० ग्रॅम व्हिटॅमिन प्रीमिक्स आधी २ किलो बारीक मका पिठात झाकणाच्या बादलीत हलवा, मग ते १० किलो भरड्यात कालवा. मिनरलचंही वेगळ्या बादलीत तसंच करा. मिक्सर अर्धा भरला की या बादल्या सोडा, मग उरलेला मका आणि सोया. कोलीन शेवटी. सगळं पडल्यावर घड्याळ लावून १५ मिनिटं फिरवा. तेल त्यानंतरच, बारीक धारेने, कारण आधी तेल पडलं की प्रीमिक्सच्या गुठळ्या होतात आणि त्या सुटत नाहीत. मिक्सरच्या तळाशी बोळक्यात अडकलेलं पहिलं दहा-पंधरा किलो खाद्य काढून परत वर टाका.

आता विक्रेत्याच्या संचाकडे वळू. त्यातलं हर्बल मेथिओनिन सरळ बाजूला काढा. खाद्यात डीएल-मेथिओनिन टनाला दोन-अडीच किलोच्या आसपास लागतं आणि ते ९९ टक्के शुद्ध असतं. कुठल्याही वनस्पतीच्या किलोभर पावडरीत किलोभर मेथिओनिन असूच शकत नाही, वनस्पतीत ते फार थोडं असतं. पिसं उघडी पडणं, छातीचं मांस कमी भरणं हे मग महिनाभराने दिसतं आणि तोवर विक्रेता दुसऱ्या तालुक्यात असतो. हर्बल कोलीनमध्ये वनस्पतीतून आलेली फॉस्फोलिपिड असतात आणि यकृतातली चरबी हलवायला ती मदत करतात. तरी ज्याच्या शेडमध्ये आत्ता कंडरा घसरतायत, त्याने कोलीन क्लोराइड पूर्ण काढून त्यावर विसंबून राहू नये.

लिव्हर टॉनिकची गोष्ट जरा वेगळी. भुईआवळा, पुनर्नवा, काळमेघ, माका (भृंगराज) ही झाडं यकृतासाठी वापरण्यात अर्थ आहे. प्रश्न असा, की यकृतावर भार कशाचा पडतोय? आपल्याकडे बहुतेक वेळा मक्यातल्या अफ्लाटॉक्सिनचा, म्हणजे बुरशीच्या विषाचा. खरिपाचा नवा मका ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बाजारात येतो तो ओला, १६ ते २० टक्के ओलाव्याचा. तो तसाच पोत्यात थप्पी लावून ठेवला की आत बुरशी वाढते. टॉनिक ते विष खाद्यातून काढत नाही. मका १३ टक्क्यांवर आणून मगच साठवा. ओलावा मोजायचं मीटर नसेल तर कोरड्या काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत मका घ्या, त्यात दोन-तीन चमचे तव्यावर भाजून गार केलेलं मीठ टाका, झाकण लावून दोन मिनिटं हलवा आणि दहा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे, तो मका परत उन्हात. मीठ तळाशी मोकळं पडलं तर निदान १५ च्या आत आहे. खाद्यात अफ्लाटॉक्सिनची मर्यादा भारतीय मानकाप्रमाणे २० पीपीबी (अब्जात २० भाग) आहे आणि ते डोळ्यांनी दिसत नाही, तपासूनच कळतं. टॉक्सिन बाइंडर (विष बांधून ठेवणारी पावडर) टनाला १ ते २ किलो घाला. मात्र मातीवर आधारलेले बाइंडर अफ्लाटॉक्सिन छान पकडतात, ऑक्राटॉक्सिन आणि टी-२ ही बुरशीची दुसरी विषं त्यांच्या हातून निसटतात. एवढं केल्यावर लिव्हर टॉनिक पावडर लेबलवरच्या मात्रेत, टनाला साधारण २५० ते ५०० ग्रॅम, घालायची तर घाला.

टॉनिक पाण्यातून रोज देण्याला मात्र आमचा विरोध आहे. बहुतेक पातळ टॉनिकमध्ये साखर किंवा सॉर्बिटॉल असतं. निपलच्या (पक्षी चोचीने दाबून पाणी पितो त्या तोटीच्या) पाइपमध्ये त्याचा गिळगिळीत थर बसतो, त्यात जंतू वाढतात, निपल नीट बंद होत नाहीत आणि थेंब थेंब गळत राहतात. तुमची गादी ओली राहण्यात याचा हात असू शकतो. पाइपचं टोक उघडून आत बोट फिरवून बघा. बोटाला शेंबडासारखं लागलं तर उत्तर मिळालं. शेड रिकामी असताना हायड्रोजन पेरॉक्साइडने पाइप धुऊन जोराच्या पाण्याने मोकळे करा. बॅच चालू असताना काहीही द्यायचं ते सकाळी चार-सहा तासांत संपेल एवढ्याच पाण्यात द्या आणि नंतर साधं पाणी सोडा. पाण्यातून लस असेल त्या दिवशी टॉनिक नको, आम्ल नको, क्लोरीन नको.

ओल्या गादीचं दुसरं कारण रोजचं इलेक्ट्रोलाइट. बोअरचं पाणी आधीच क्षारांचं, खाद्यात मीठ आहेच, त्यात वरून सोडियम. पक्षी जास्त पाणी पितो आणि विष्ठा पातळ होते. पाण्याचं टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) आणि सोडियम तपासा. टीडीएस १,००० च्या वर असेल तर खाद्यातलं मीठ त्या हिशेबाने कमी करावं लागेल, ते आहारतज्ज्ञाला आकडा दाखवून ठरवा. इलेक्ट्रोलाइट एप्रिल-मेच्या उन्हात, वाहतुकीनंतर, लस दिल्यावर, तेही दोन-तीन दिवसच. उन्हाळ्यात व्हिटॅमिन सी खाद्यातून टनाला २०० ते २५० ग्रॅम चांगलं लागू पडतं. पाण्यातून देणार असाल तर त्या वेळी क्लोरीन थांबवा, कारण दोन्ही एकमेकांना मारतात.

कॉक्सीचं औषध बंद करायला सांगणारा माणूस तुमच्या ओल्या गादीवर एकदा उभा राहिला असता तर तसं बोलला नसता. कॉक्सीची अंडी पिकायला ओल आणि ऊब लागते आणि तुमच्याकडे दोन्ही हजर आहे. ओवा, ओरेगॅनो यांतली तेलं आतड्याला थोडी मदत करतात, औषधाची जागा घेत नाहीत. कॉक्सीचं औषध सॅलिनोमायसिन १२ टक्केवालं टनाला ५०० ग्रॅम, म्हणजे ६० ग्रॅम शुद्ध औषध, हे नेहमीचं प्रमाण. जास्त घालू नका. ते खाद्य चालू असताना टियाम्युलिन हे अँटिबायोटिक देऊ नका, दोन्ही एकत्र आले की पक्षी लुळे पडून मरतात. हे खाद्य घोड्याच्या किंवा गाढवाच्या तोंडी गेलं तर तो मरू शकतो, तुमच्या शेजारी धनगरांचा तळ पडत असेल तर पोती उघडी ठेवू नका.

घरची हळद जरूर वापरा, टनाला ३ ते ५ किलो. फक्त बाजारातली सुटी हळदपूड घेऊ नका, रंग उठावदार दिसावा म्हणून तिच्यात लेड क्रोमेट (शिशाचा पिवळा रंग) मिसळल्याचे प्रकार घडतात आणि ते शिसं मांसात जातं. हळकुंडं वाळवून स्वतः दळा. दळलेली पूड एका बॅचपुरतीच करा. शेवग्याचा पाला सावलीत, पातळ पसरून, चुरचुरीत होईपर्यंत वाळवायचा. अर्धवट वाळलेला पाला पोत्यात कोंबला की त्यालाच बुरशी धरते, म्हणजे औषधातूनच विष. प्रमाण टनाला १० ते २० किलो. ५० किलोच्या पुढे गेलात तर तंतू वाढतो आणि वजन घटतं. कडुनिंबाचा पाला कडू, पक्षी खाद्य सोडतात, तो राहू द्या. ओला लसूण ठेचून खाद्यात घालू नका, खाद्य आंबतं.

दराचा हिशेबही करू. साडेतीन रुपयांत ३८ रुपये दराचं ९२ ग्रॅम खाद्य येतं. २ किलोच्या पक्ष्यावर ते झालं एफसीआरचं ०.०४६. म्हणजे संच घेऊन एफसीआर १.८५ वरून १.८० ला आला तरी तुम्ही जेमतेम बरोबरीत आहात. खरोखर ०.१ ने उतरला तर २०० ग्रॅम, ७ रुपये ६० पैसे वाचतील. विक्रेत्याला त्याच्या खर्चाने दाखवू द्या. पुढच्या बॅचमध्ये शेडच्या कडेला जाळीने चार कप्पे करा, प्रत्येकी ७५ पिल्लं, एकाच हॅचची, सारख्या वजनाची. एक आड एक कप्प्यात संचाचं खाद्य आणि बाकी दोनमध्ये तुमचं दुरुस्त केलेलं. खाद्य वेगळं तोलायचं, मेलेल्या पक्ष्याचंही वजन लिहायचं. ‘मागच्या बॅचपेक्षा बरं’ ही तुलना धरू नका, हवा बदलते, पिल्लं बदलतात, मका बदलतो. सातव्या दिवशी पिल्लाचं वजन पहिल्या दिवसाच्या चौपट ते साडेचारपट झालेलं नसेल तर चूक ब्रूडिंगमध्ये (पिल्लांना ऊब देण्यात) आहे, तिथे चाचणीचा निकालही गृहीत धरू नका. आणि एखाद्या बेनामी ‘हर्बल’ पावडरीने चार दिवसांत जादू झालीच, तर आनंदाआधी तिच्यात अँटिबायोटिक मिसळलंय का ते प्रयोगशाळेतून बघून घ्या. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक कोंबड्या-जनावरांत आणि त्यांच्या खाद्यात वापरायला देशात २०१९ पासून बंदी आहे, ते तुमच्या खाद्यात सापडलं तर ‘मला माहीत नव्हतं’ हे कुणी ऐकून घेणार नाही.

‘हर्बल चिकन’चा बोर्ड तूर्त लावू नका. खाद्यात हळद आहे म्हणून चिकन हर्बल होत नाही, आणि सॅलिनोमायसिन चालू असताना ‘औषधमुक्त’ म्हणणं खोटं ठरेल. जास्त भाव देणारी कोथरूड-बाणेरची गिऱ्हाइकं आज ना उद्या कागद मागतीलच. आजपासून एक वही घाला : कोणतं औषध, कोणत्या तारखेला, किती, कुठल्या बॅच नंबरचं, आणि विक्रीपूर्वी किती दिवस बंद केलं. लेबलवर लिहिलेले बंद ठेवायचे दिवस मोजूनच गाडी बोलवा. सलग तीन बॅचची अशी नोंद आणि मांसाचा अवशेष तपासणी अहवाल हातात आला, की भावाचं बोलणं सुरू करा.